तिघींपैकी कोणती?

१८७० च्या दशकात जॉर्ज टॉमस बीटसन नावाचे एक तरुण डॉक्टर पश्चिम स्कॉटलंडमध्ये एका मनोरुग्ण गृहस्थाची देखभाल करायला राहिले होते. काम बेताचं, वेळ भरपूर आणि शेजारी मेंढ्यांचा मोठा फार्म. एम.डी.च्या प्रबंधाला विषय हवा होता. बीटसननी समोर दिसत होता तोच घेतला: दूध कसं तयार होतं आणि कशाने आटतं. अभ्यास करताना त्यांना दोन गोष्टी जाणवल्या. दूध तयार होऊ लागलं की स्तनाच्या नलिकांतल्या पेशी भराभर वाढतात, आणि ही वाढ कर्करोगातल्या वाढीसारखीच दिसते. फक्त एक वेळेवर थांबते, दुसरी थांबत नाही. दुसरी गोष्ट शेतकऱ्यांकडून कळली. काही देशांत गाय व्यायल्यावर तिचे अंडाशय काढून टाकत, म्हणजे ती लवकर आटत नसे. स्तन एकीकडे, अंडाशय दुसरीकडे. दोघांना जोडणारी कुठलीही नस सापडत नाही, तरी एकाची सत्ता दुसऱ्यावर चालते. हे विचित्र होतं आणि बीटसन ते विसरले नाहीत.

वीसेक वर्षांनी ते ग्लासगोच्या कॅन्सर हॉस्पिटलात सर्जन होते. १८९५ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे ३३ वर्षांची, दोन मुलांची आई असलेली एक बाई आली. स्तनाचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, पण रोग छातीवर पुन्हा उगवला होता आणि आता तिथे चाकू लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. बीटसननी तिला आणि तिच्या नवऱ्याला आपला विचार सांगितला, त्यांची संमती घेतली आणि जूनमध्ये तिचे दोन्ही अंडाशय काढले. आठ महिन्यांनी छातीवरच्या गाठी नाहीशा झाल्या होत्या. १८९६ मध्ये त्यांनी ही हकिकत ‘लॅन्सेट’मध्ये छापली. ती बाई ऑपरेशननंतर सुमारे चार वर्षं जगली, म्हणजे त्या काळच्या कोणत्याही हिशेबापेक्षा पुष्कळ जास्त.

तोवर ‘हार्मोन’ हा शब्दही जन्माला आला नव्हता. तो आला १९०५ मध्ये. इस्ट्रोजेन हाती लागायला १९२० चं दशक उजाडलं. म्हणजे बीटसननी जे केलं ते मेंढ्या, गायी आणि स्वतःचा तर्क यांच्या भरवशावर. त्यांचं पाहून इतर सर्जनही अंडाशय काढू लागले. १९०० मध्ये लंडनच्या स्टॅनली बॉइड यांनी अशा ५४ रुग्णांचा हिशेब मांडला. साधारण एक तृतीयांश बायकांना गुण आला होता. बाकीच्या दोन तृतीयांश पोट उघडून, ऑपरेशनची सगळी जोखीम सोसून, होत्या तिथेच राहिल्या होत्या.

तिघींतली एक. पुढची सत्तर वर्षं हा आकडा थोडाफार इकडेतिकडे होत राहिला, पण हलला नाही. आणि ती एक कोणती, हे ऑपरेशनच्या आधी कोणालाच सांगता येत नव्हतं.

सूक्ष्मदर्शक याबाबतीत उपयोगी पडला नाही, असं म्हटलं तर पॅथॉलॉजीवर अन्याय होईल. पण पडला तो वेगळ्या कामाला. गाठीचा पातळ काप घ्यायचा, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने निळा-गुलाबी रंगवायचा आणि पाहायचं: कर्करोग आहे की नाही, पेशी कितपत बिघडल्या आहेत, किती विभागत आहेत. लंडनमध्ये पॅटी आणि स्कार्फ यांनी १९२८ मध्ये गाठींना प्रती लावायला सुरुवात केली. १९५७ मध्ये ब्लूम आणि रिचर्डसन यांनी त्याला तीन पायऱ्यांचं रूप दिलं, आणि थोड्या फेरफाराने ते आजही प्रत्येक अहवालात ‘ग्रेड’ म्हणून येतं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा तिथल्या सूक्ष्मदर्शकापाशी वसंत रामजी खानोलकर होते. मुंबईतल्या पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग अधिक, तर इतर समाजांतल्या बायकांत गर्भाशयमुखाचा अधिक, हा फरक त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवला. कॅन्सर कोणाला होतो, याचा इतका बारीक विचार जगात त्या काळी फार थोड्या ठिकाणी चालला होता. पण झालेल्या कॅन्सरला कोणता इलाज लागू पडेल, हे परळच्या स्लाइडवर दिसत नव्हतं आणि लंडनच्याही नाही. आकार दिसत होता, स्वभाव दिसत नव्हता.

दरम्यान सर्जन मंडळी पुढच्या अवयवांकडे वळली. पाळी गेलेल्या बायकांत इस्ट्रोजेनचा उगम अंडाशयात नसतो. ते मुख्यतः अॅड्रिनल ग्रंथींतून निघणाऱ्या द्रव्यांपासून बनतं. कॉर्टिसोन औषध म्हणून मिळू लागल्यावर या ग्रंथी काढूनही माणूस जगवता येऊ लागला. शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्तनाच्या कर्करोगासाठी दोन्ही अॅड्रिनल काढायला सुरुवात केली. स्टॉकहोममध्ये काहींनी थेट मेंदूच्या बुडाशी असलेली पिच्युटरी ग्रंथी काढली. निकाल? पुन्हा तिघींतली एक, फार तर त्याहून थोडं जास्त. हगिन्स यांना १९६६ चं नोबेल मिळालं ते प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या हार्मोन उपचारांसाठी, आणि ते योग्यच होतं. पण मला नेहमी वाटतं की या सर्जरीच्या यशाच्या कथा सांगताना उरलेल्या दोघींचा हिशेब फार घाईने आटोपला जातो. अॅड्रिनल काढलेल्या बाईला जन्मभर गोळ्यांवर जगावं लागे, आणि तेही काहीही न मिळवता.

हगिन्स यांच्याच बेन मे प्रयोगशाळेत एल्वूड जेन्सन नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. जन्म १९२० चा, नॉर्थ डकोटातला. महायुद्धाच्या काळात शिकागोत विषारी वायूंवर काम केलेलं. युद्धानंतर शिष्यवृत्तीवर ते झुरिकला गेले आणि तिथे असताना, गिर्यारोहणाचा फारसा अनुभव नसताना, मॅटरहॉर्न चढून आले. ही फुशारकीची गोष्ट वाटेल, पण जेन्सन स्वतः ती नेहमी आपल्या संशोधनाशी जोडून सांगत. मॅटरहॉर्नवर पहिलं पाऊल ठेवणारा एडवर्ड व्हिम्पर इटलीच्या बाजूने पुन्हा पुन्हा हरला. १८६५ मध्ये त्याने स्विस बाजू धरली, जी खालून पाहताना जास्त अवघड दिसते, आणि शिखर गाठलं. (उतरताना त्याच्या सातजणांच्या तुकडीतले चौघे मेले. हा भाग या दाखल्यात सहसा येत नाही.)

इटलीची बाजू म्हणजे त्या काळची सर्वमान्य समजूत. १९५० च्या दशकात बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञ मानत की इस्ट्रोजेन पेशीत शिरल्यावर एन्झाइमांच्या हाती पडतं, त्याचं एका रूपातून दुसऱ्या रूपात रूपांतर होत राहतं आणि या देवघेवीतूनच पेशीला काम करण्याची चालना मिळते. म्हणून सगळे विचारत: इस्ट्रोजेन पेशीचं काय करतं? जेन्सननी उलट विचारलं: शरीरात गेलेलं इस्ट्रोजेन जातं कुठे आणि तिथे त्याचं काय होतं? प्रश्न सोपा, पण उत्तर शोधायला साधनच नव्हतं. इस्ट्रोजेन इतक्या कमी मात्रेत काम करतं की नेहमीच्या किरणोत्सारी कार्बनची खूण त्याला लावली तर ती मोजण्याइतकी तीव्र होत नाही. जेन्सन आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन वापरायचं ठरवलं. त्या वायूने इस्ट्राडायोलच्या रेणूत खूण पेरण्यासाठी लागणारं उपकरण त्यांनी स्वतः तयार केलं.

मग त्यांनी ते खुणेचं इस्ट्राडायोल वयात न आलेल्या उंदरीणींना अगदी थोड्या मात्रेत टोचलं. रक्तात, यकृतात, स्नायूंत ते पाहुण्यासारखं आलं आणि निघून गेलं. गर्भाशयात आणि योनिमार्गात मात्र त्याने मुक्काम ठोकला. शिवाय ते जसं गेलं तसंच होतं; रासायनिक बदल काही नाही. म्हणजे या अवयवांत काहीतरी होतं जे इस्ट्राडायोलला ओळखून धरून ठेवत होतं. एन्झाइमांची सर्वमान्य गोष्ट एवढ्यावरच डळमळली.

१९५८ च्या सप्टेंबरमध्ये व्हिएन्नात जीवरसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जेन्सननी तिथे हे सांगितलं. श्रोते होते पाच, त्यांतले तिघे त्याच सत्रातले पुढचे वक्ते. त्याच वेळी दुसऱ्या दालनात एन्झाइम आणि इस्ट्रोजेन यांवर परिसंवाद चालू होता आणि तिथे हजारावर माणसं बसली होती. विज्ञानाच्या इतिहासात अशा कथा पुष्कळ असतात आणि बऱ्याच नंतर रंगवलेल्या असतात. ही मात्र जेन्सन स्वतः हसत सांगत आले. पुढे १९६६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या जॅक गोर्स्की आणि डेव्हिड टॉफ्ट यांनी इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं ते प्रथिन वेगळं करून दाखवलं. हाच इस्ट्रोजेन रिसेप्टर. तो असतो का, हा वाद तिथे मिटला.

आता बॉइडच्या त्या जुन्या आकड्याकडे परत जाता येत होतं. अंडाशय काढल्यावर जी गाठ विरघळते तिच्यात हा रिसेप्टर असेल, आणि जी हलत नाही तिच्यात नसेल, अशी शंका येणं साहजिक होतं. ब्रिटनमध्ये फोल्का, ग्लॅस्कॉक आणि अर्विन यांनी १९६१ मध्येच अॅड्रिनल काढण्याआधी रुग्णांना किरणोत्सारी हेक्सेस्ट्रॉल, म्हणजे एक कृत्रिम इस्ट्रोजेन, टोचून पाहिलं होतं. ज्यांना पुढे गुण आला त्यांच्या गाठींनी ते जास्त ओढून घेतलं होतं. पण आजारी बाईला किरणोत्सारी औषध टोचणं ही रोजची तपासणी होऊ शकत नव्हती. जेन्सननी गाठच प्रयोगशाळेत आणली. शरीरातून काढलेला तुकडा लगेच गोठवायचा, कुटून एकजीव करायचा, वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये घालून त्यातला द्रव वेगळा करायचा, त्यात खुणेचं इस्ट्राडायोल मिसळायचं आणि किती धरून ठेवलं गेलं ते मोजायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शिकागोच्या रुग्णांचे निकाल मांडले. ज्या गाठींत रिसेप्टर नव्हता, त्या बायकांना अॅड्रिनल किंवा अंडाशय काढून जवळपास काहीच मिळालं नव्हतं.

हा शोध कुठल्याही नव्या औषधाचा नव्हता. त्याने काही बरं केलं नाही. त्याने ऑपरेशनं टाळली. जेन्सनच्या नावाला मिळायला हवं होतं तेवढं वलय मिळालं नाही, याचं एक कारण हेही असावं, असं मला वाटतं. लास्कर पुरस्कार त्यांना २००४ मध्ये मिळाला तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. नोबेल मिळालंच नाही.

१९७४ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे या तपासणीवर काम करणारे गट एकत्र बसले. सर्वांचे आकडे एकत्र केल्यावर चित्र स्वच्छ होतं: रिसेप्टर असलेल्या गाठींपैकी ५५ ते ६० टक्के हार्मोन उपचारांना दाद देत होत्या, नसलेल्यांपैकी फक्त आठ टक्क्यांच्या आसपास. सॅन अँटोनियोचे विल्यम मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन हॉर्विट्झ यांनी १९७५ मध्ये त्यात दुसऱ्या प्रथिनाची भर घातली. प्रोजेस्टेरोन रिसेप्टर हा इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या हुकमावरून तयार होतो. म्हणून तो सापडला तर इस्ट्रोजेन रिसेप्टर नुसता बसून नाही, काम करतोय, असा त्यांचा तर्क. तेव्हापासून अहवालात ईआर आणि पीआर ही जोडी आली. हा पीआर शेवटी पुन्हा भेटेल.

आणि योगायोग असा की याच वेळी गोळी हाती आली. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या ऑल्डर्ली पार्कमध्ये डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये एक संयुग तयार केलं होतं, गर्भनिरोधक म्हणून. उंदरांत ते चाललं. बायकांत त्याने उलट बीज सुटायलाच मदत केली. गर्भनिरोधक म्हणून ते बाद झालं, पण इस्ट्रोजेनच्या आड ते येत होतं हे आर्थर वॉलपोल यांच्या लक्षात होतं. मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलात मेरी कोल आणि सहकाऱ्यांनी ते स्तनाच्या कर्करोगाच्या ४६ रुग्णांना दिलं. १९७१ मध्ये आलेल्या निकालात १० जणींना गुण आला होता. हे टॅमॉक्सिफेन. ते रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. अंडाशय, अॅड्रिनल, पिच्युटरी यांच्या बदल्यात आता रोज एक गोळी होती. आता तिघींपैकी कोणती, हा प्रश्न ऑपरेशन टाळण्यापुरता राहिला नाही. कोणाला गोळी द्यायची हे त्याच्यावर ठरू लागलं. पुढे जगभरच्या चाचण्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं की ईआर असलेल्या बायकांत पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने रोग उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं आणि कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ईआर नसलेल्यांना त्याचा उपयोग नाही.

तपासणी मात्र किचकट होती. तिला चांगला एक ग्रॅमच्या आसपास तुकडा लागे. मॅमोग्राफीमुळे गाठी लहान असतानाच सापडू लागल्या आणि पॅथॉलॉजिस्टला स्लाइडसाठी ठेवून उरलेला तुकडा हातात काही राहीना. गाठ कुटून एकजीव केल्यामुळे त्यात कर्करोग किती आणि आजूबाजूच्या निरोगी पेशी किती हेही कळत नसे. पाळी चालू असलेल्या बाईच्या रिसेप्टरवर तिचंच इस्ट्रोजेन आधीच बसलेलं असे, त्यामुळे आकडा कमी यायचा. मुख्य म्हणजे ऑपरेशन थिएटरपासून गोठवण्यापर्यंत फार वेळ जाऊन चालत नसे. मोठ्या केंद्रांखेरीज हे जमवणं अवघडच होतं.

वाट सापडली अँटिबॉडींच्या रूपाने. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी हव्या त्या एकाच प्रथिनाला ओळखणाऱ्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या तयार करण्याची रीत शोधली. जेन्सनच्याच गटातले जेफ्री ग्रीन यांनी १९८० मध्ये मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टरला ओळखणाऱ्या अँटिबॉडी तयार केल्या. आता गाठ कुटायची गरज नव्हती. काप घ्यायचा, त्यावर अँटिबॉडी घालायची, मग रंग; रिसेप्टर असलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात. पॅथॉलॉजिस्ट आपल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून पाहू शकतो की तपकिरी झाल्या त्या कर्करोगाच्याच पेशी आहेत ना. यालाच दवाखान्यांत आयएचसी म्हणतात.

एक अडचण उरली होती. रोजचं पॅथॉलॉजीचं काम फॉर्मलिनवर चालतं. फॉर्मलिन पेशी टिकवतं, पण प्रथिनांना एकमेकांत गुंतवून टाकतं आणि अँटिबॉडीला रिसेप्टर दिसेनासा होतो. अमेरिकेत काम करणारे शान-रोंग शी जुनी जर्नलं चाळत होते. १९४० च्या दशकातल्या एका लेखात त्यांना आढळलं की फॉर्मलिनने प्रथिनांवर केलेली गुंतागुंत जास्त उष्णतेने सुटते. स्लाइड द्रावणात ठेवून उकळायची, हे कोणाही पॅथॉलॉजिस्टला अडाणीपणाचं वाटलं असतं. १९९१ मध्ये शी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोवेव्हमध्ये हेच करून दाखवलं. पुढे काही प्रयोगशाळांनी घरगुती प्रेशर कुकर वापरला. भारतातही पुष्कळ ठिकाणी स्लाइडा शिट्ट्यांवर उकळल्या गेल्या. दहा-दहा वर्षं कपाटात पडलेल्या पॅराफिन ब्लॉकमधूनही आता उत्तर मिळू लागलं.

तपासणी प्रत्येक गावापर्यंत पोचण्याजोगी झाली आणि नेमकी तिथेच ती बिघडण्याचीही सोय झाली. जुन्या पद्धतीत चुकलं तर आकडा विचित्र यायचा, यंत्र तक्रार करायचं. आयएचसी चुकली तर स्लाइड नुसती कोरी राहते. कोरी स्लाइड म्हणजे ‘ईआर निगेटिव्ह’, आणि निगेटिव्ह म्हणजे टॅमॉक्सिफेन नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलँड प्रांतात सेंट जॉन्स इथल्या सरकारी प्रयोगशाळेत नेमकं हे आठ वर्षं होत राहिलं. १९९७ मध्ये तिथे जुनी रासायनिक पद्धत बंद करून आयएचसी सुरू झाली. २००५ च्या वसंतात एका कॅन्सरतज्ज्ञ डॉक्टरना एका रुग्णाचा अहवाल पटेना: गाठ लोब्युलर प्रकारची, जी बहुधा ईआर पॉझिटिव्ह असते, आणि अहवाल म्हणतो निगेटिव्ह. एव्हाना नवं स्वयंचलित यंत्र आलेलं होतं. त्यावर पुन्हा तपासणी केली, पॉझिटिव्ह. आणखी काही जुने ब्लॉक काढले, तेही बदलले. मग १९९७ ते २००५ मधल्या निगेटिव्ह ठरलेल्या सगळ्या बायकांच्या गाठी टोरांटोच्या माउंट सायनाय हॉस्पिटलात पाठवल्या. साडेतीनशेहून अधिक बायकांचे अहवाल चुकीचे निघाले. त्यांतल्या कित्येकींना टॅमॉक्सिफेन मिळायला हवं होतं आणि मिळालं नव्हतं. काही तोवर वारल्या होत्या.

चुकीपेक्षा जास्त संताप झाला तो लपवाछपवीचा. आरोग्यखात्याच्या प्राधिकरणाला २००५ मध्येच कळलं होतं. लोकांना ते वर्तमानपत्रातून कळलं. चुकांचं प्रमाण किती, हे प्रथम सांगितलं गेलं त्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, हे २००७ मध्ये न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. सरकारने न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांची चौकशी नेमली. मार्च २००९ मधला त्यांचा अहवाल वाचताना एखादा खलनायक सापडेल अशी अपेक्षा असते. तो सापडत नाही. सापडतं ते असं: गाठ फॉर्मलिनमध्ये किती तास होती याची नोंद नाही, रंगवताना खात्रीच्या स्लाइडा सोबत नीट ठेवल्या जात नव्हत्या, बाहेरच्या प्रयोगशाळेशी निकाल ताडून पाहण्याची व्यवस्था नाही, तंत्रज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट येत-जात राहिले, आणि प्रमाण बदलतंय हे कोणी बेरीज करून पाहिलंच नाही. रुग्णांचा सामूहिक दावा १ कोटी ७५ लाख कॅनेडियन डॉलरवर मिटला.

दुसरी मोठी तपासणी, हर-टू, हिच्याबद्दल थोडक्यात. १९८२ मध्ये एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी यांनी उंदरांच्या मज्जापेशींच्या गाठींतल्या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर येणारं एक प्रथिन शोधलं; ते पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये होते. माणसातला त्याचा भाऊ म्हणजे हर-टू. लॉस एंजेलिसचे डेनिस स्लॅमन यांनी १९८७ मध्ये १८९ गाठी तपासून दाखवलं की सुमारे ३० टक्के गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात आणि त्या बायकांत रोग लवकर उलटतो. त्यावर बेतलेलं ट्रास्टुझुमॅब २५ सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकेत मंजूर झालं, आणि त्याच दिवशी ते कोणाला द्यायचं हे ठरवणारी तपासणीही. औषध आणि चाळणी एकदम बाजारात येण्याचं हे पहिलं मोठं उदाहरण. सरसकट सगळ्या बायकांना देऊन पाहिलं असतं तर गुण आलेल्या थोड्याजणी सरासरीत बुडून गेल्या असत्या आणि औषध बाद झालं असतं. बीटसनच्या काळचं कोडं इथे पहिल्याच दिवशी सोडवून ठेवलं होतं. किंमत परवडण्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच राहिला. बायोकॉनने २०१४ मध्ये बायोसिमिलर आणल्यावर थोडी हवा आली.

न्यूफाउंडलँडनंतर अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संस्थांनी २०१० मध्ये ईआर-पीआरसाठी नियम केले. त्यांचाच अंदाज होता की जगभरातले वीस टक्क्यांपर्यंत निकाल चुकीचे असू शकतात. नियम रसायनशास्त्राचे नव्हते, घड्याळाचे होते: गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मलिनमध्ये जावी, त्यात ती सहा तासांपेक्षा कमी आणि ७२ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि एक टक्का पेशी जरी तपकिरी दिसल्या तरी पॉझिटिव्ह म्हणावं. आपल्याकडच्या लहान नर्सिंग होममध्ये अख्खा स्तन न कापता छोट्या बरणीत थोड्याशा फॉर्मलिनमध्ये शनिवारी बुडवून सोमवारी लॅबला पाठवला जातो, हे कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला विचारा. फॉर्मलिन तासाला मिलिमीटरभर शिरतं. मधली गाठ तोवर कुजू लागलेली असते.

टाटा मेमोरियलच्या पॅथॉलॉजिस्टांनी २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास छापला. ईआर पॉझिटिव्ह ३२.६ टक्के. पाश्चात्य देशांत हे प्रमाण याच्या दुप्पट. कारणं दिली जातात ती खरीही आहेत: आपल्याकडे हा रोग तिकडच्यापेक्षा कमी वयात होतो आणि तरुण बायकांत ईआर निगेटिव्ह गाठी जास्त असतात, त्या काळच्या अँटिबॉडीही आजच्याइतक्या चांगल्या नव्हत्या. पण त्याच लेखात दुसरा आकडा आहे. पीआर पॉझिटिव्ह ४६.१ टक्के. पाचातली एक गाठ अशी, की जिच्यात पीआर आहे आणि ईआर नाही. मॅग्वायर आणि हॉर्विट्झ यांनी सांगितलेला क्रम आठवला तर हे उलटं आहे: हुकूम बजावलेला दिसतोय, पण हुकूम देणारा सापडत नाही. नीट झालेल्या तपासणीत ही जोडी क्वचितच दिसते, आणि दिसली तर पहिली शंका ईआरच्या रंगावरच घेतात. त्या गाठींतल्या बऱ्याचशा खरं तर ईआर पॉझिटिव्ह असाव्यात, असं मला वाटतं. सुदैव इतकंच, की दोहोंपैकी एक जरी सापडला तरी टॅमॉक्सिफेन द्यायचं, ही पद्धत तेव्हाही होती.